देवाची वाणी ऐकायला शिकताना : घर-नोकरी सांभाळून केलेली इग्नेशियन साधना

देव आपल्याशी बोलतो, यावर माझा विश्वास लहानपणापासून होता. पण मनात एकाच वेळी दहा विचार चालू असताना त्यातला देवाचा कोणता, हे कसं ओळखायचं? या प्रश्नाला "प्रार्थना कर, शांत राहा" एवढं उत्तर पुरत नाही. किती वेळ बसायचं, काय वाचायचं, काहीच जाणवलं नाही तर काय करायचं, हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. मला ते सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत, येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातल्या साधनेतून शिकायला मिळालं.

ही साधना पूर्ण स्वरूपात साधारण ३० दिवस मौन पाळून, रिट्रीट हाऊसमध्ये राहून करतात. लहान मुलं, आजारी सासू-सासरे आणि सकाळची लोकल असणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? इग्नेशियसनी याचाही विचार केला होता. त्यांच्या पुस्तकाच्या सुरुवातीला मार्गदर्शकांसाठी २० सूचना आहेत. त्यातली १९वी सूचना कामधंद्यात गुंतलेल्या माणसांसाठी आहे : घर सोडू नका, रोज दीड तास काढा आणि तीच साधना सावकाश पुरी करा. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ साली या पुस्तकाला मान्यता दिली, तेव्हापासून हा मार्ग खुला आहे. मी याच मार्गाने गेले. आज अशी साधना बहुतेक ठिकाणी आठ-नऊ महिने चालते. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाची भेट असते. साधनेचे चार 'आठवडे' असतात, पण ते कॅलेंडरचे नव्हेत. पहिल्यात आपलं पाप आणि देवाची दया, दुसऱ्यात येशूचं जीवन, तिसऱ्यात दुःखसहन, चौथ्यात पुनरुत्थान. प्रत्येकाला लागेल तितका वेळ द्यायचा.

रोजच्या तासभराच्या प्रार्थनेची तयारी आदल्या रात्री सुरू होते. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेतला, आठ-दहा ओळींचा एक उतारा निवडून दोनदा वाचायचा. झोपताना, एक 'नमो मारिया' ही छोटी प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ, उद्या किती वाजता उठायचं आहे आणि कशासाठी, एवढंच आठवायचं. सकाळी बसण्याच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं आणि 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागेल इतका वेळ 'देव माझ्याकडे पाहतो आहे' हे मनात धरायचं. या सूचना क्षुल्लक वाटतात आणि म्हणून लोक त्या गाळतात. मग तासातली पहिली वीस मिनिटं मन जागेवर आणण्यात जातात.

जागा रोज तीच असावी. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये वेगळी खोली मिळत नाही, तेव्हा नळाला पाणी येण्याआधीची वेळ धरावी. भिंतीकडे तोंड करून खुर्ची ठेवली तरी पुरतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि वेळ साध्या घड्याळावर पाहावी. गाडीत बसून हा तास भरून काढता येतो असं अनेकांना वाटतं. माझं मत स्पष्ट आहे : गाडीत जपमाळ होते, मागच्या प्रार्थनेची उजळणी होते, पण हा तास होत नाही. कारण इथे मनाला पूर्ण थांबायचं असतं, आणि गाडीत अर्धं लक्ष स्टेशनाकडे राहतं.

आता उतारा बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्याचा आहे असं धरू, मार्क १०:४६-५२. आधी प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा : यरीहोबाहेरचा रस्ता, धूळ, गर्दी, गप्प राहा म्हणून दटावणारी माणसं. मग आज मला काय हवं आहे ते देवाकडे नेमकं मागायचं. 'तुला काय हवं आहे?' हाच प्रश्न येशू बार्तीमयाला विचारतो, म्हणून हा उतारा सुरुवातीला फार उपयोगी पडतो. पुढे सरकायची घाई करायची नाही. ज्या शब्दापाशी मन हललं, तिथेच राहायचं. पहिल्याच ओळीवर तास संपला तरी काही बिघडलं नाही. शेवटी येशूशी मित्र मित्राशी बोलतो तसं मोकळेपणी बोलायचं आणि 'आमच्या बापा'ने संपवायचं.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. पण वाणी ओळखायला शिकवतो तो यानंतरचा पाव तास, आणि नेमका तोच कंटाळा करून सोडला जातो. प्रार्थना संपली की जागेवरून उठायचं, दुसरीकडे बसायचं किंवा थोड्या येरझाऱ्या घालायच्या आणि वही उघडायची. कुठल्या ओळीशी मन थांबलं, कशाने हललं, कुठे पळालं, आणि तास संपल्यावर मनात काय उरलं, इतकंच लिहायचं. चार-पाच ओळी पुरेत, तारीख मात्र हवी. नवीन साधक इथे प्रवचन लिहितात : "या उताऱ्यातून आपण शिकतो की…" ते वाक्य दिसलं की मार्गदर्शकाने हळूच विचारावं, "हे झालं उताऱ्याचं. तुझं काय झालं?"

'काय उरलं' या प्रश्नाला इतकं वजन का, हे इग्नेशियसच्या आयुष्यातच दिसतं. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी अंथरुणावर पडून असताना त्यांना शौर्यकथा वाचायच्या होत्या. त्या घरात मिळाल्या नाहीत, मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. वाचन थांबवून ते कधी एका उमराव स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्नं रंगवत, तर कधी असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखं जगण्याची. चालू असताना दोन्ही विचार सारखेच गोड वाटत. फरक पडे तो नंतर. पहिल्या विचारानंतर मन कोरडं, असमाधानी राही. दुसऱ्यानंतर आनंद टिकून राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि पुढची सगळी पारख त्यावर उभी राहिली. एखादा विचार मनात येताना किती गोड वाटला, किती जोरात आला, यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो ते पाहावं लागतं. आणि ते पाहायला लिहिलेलं जवळ हवं, कारण तीन दिवसांनी आठवण आपल्याला सोयीची होते.

दुसऱ्या दिवशी पुष्कळदा नवा उतारा घेतच नाहीत. काल जिथे मन उजळलं, किंवा उलट जिथे अडलं, चिडलं, जड झालं, तिथेच परत जातात. वर्षभरात बायबल पूर्ण वाचण्याची सवय असलेल्यांना हे सर्वांत कठीण जातं, आपण मागे पडतोय असं वाटतं. पण अडलेल्या जागी फिरून गेल्याशिवाय ती का अडली ते कळत नाही.

वहीत दोन प्रकारच्या नोंदी दिसू लागतात. सांत्वन म्हणजे विश्वास, आशा, प्रीती वाढवणारी हालचाल. त्यात अश्रूही असू शकतात, पापाची खंतही असू शकते, म्हणून सांत्वन म्हणजे बरं वाटणं नव्हे. विषाद म्हणजे याच्या उलट : अंधार, अस्वस्थता, प्रार्थना नकोशी होणं, देव फार दूर आहे असं वाटणं. विषादात पहिला नियम असा की आधी ठरवलेल्यात काहीही बदल करायचा नाही. तास सोडावासा वाटतो, तेव्हा तास पूर्ण करून वर दोन-चार मिनिटं अधिक बसायचं. इग्नेशियस विषादाची तीन कारणं सांगतात : आपलीच हयगय, गोडी नसतानाही आपण देवाजवळ किती टिकतो याची पारख, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे समजणं. पहिलं कारण आधी तपासावं. झोपेची वेळ, पाव तासाची उजळणी, कोणाशी धरलेला अबोला, यात बहुधा काहीतरी सापडतं. मात्र झोप उडाली, भूक गेली, जगणंच नको वाटू लागलं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर तो विषय एकट्या साधनेचा नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही.

साधनेत मुरलेल्यांची फसगत वेगळ्या दारातून होते. त्यांना वाईटाचा मोह सहसा होत नाही, चांगल्याचाच होतो. गायनवृंद, धर्मशिक्षणाचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, उपवास, एकावर एक कामं अंगावर घेतली जातात, आणि दोन महिन्यांनी तेच माणूस घरात करवादतं, प्रार्थना उरकतं, इतरांना आळशी ठरवतं. अशा वेळी विचाराची सुरुवात, मधला भाग आणि शेवट तिन्ही तपासायचे. शेवट खाली नेणारा असेल तर वही उलटी वाचत जायचं आणि वळण कुठे आलं ती तारीख शोधायची. पुढच्या वेळी ते वळण लवकर दिसतं. देवाकडे चाललेल्या मनाला चांगली प्रेरणा स्पंजात पाण्याचा थेंब शिरावा तशी हळुवार लागते, आणि वाईट प्रेरणा दगडावर थेंब आदळावा तशी, अशी इग्नेशियसची खूण आहे. 'आत्ताच्या आत्ता कर, कोणाला सांगू नकोस' असा धोशा लावणाऱ्या विचाराकडे मी म्हणूनच संशयाने पाहते. गुप्ततेचा आग्रह ही त्यांनीच नोंदवलेली धोक्याची खूण आहे.

यासाठी मार्गदर्शक लागतो. तो फादर असो, सिस्टर असो की शिकलेला प्रापंचिक माणूस, त्याने साधकाला एका बाजूला ढकलायचं नसतं. पंधरावी सूचना हेच सांगते : देवाला आणि त्या माणसाला थेट व्यवहार करू द्या. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या लहान शमुवेलासाठी वृद्ध याजक एली हेच करतो. देव काय सांगणार आहे ते तो मुलाला सांगत नाही. परत जाऊन नीज आणि हाक आली की काय म्हण, एवढंच शिकवतो. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलं आहे, तू या स्थळाला होकार दे," असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्यावं, पण त्यावरून निर्णय घेऊ नये. तसंच डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ आदेश मानायची, हेही ऐकणं नव्हे. त्यात देवाला आपण निवडलेल्या चिठ्ठीतून बोलायला भाग पाडतो.

आणि परिस्थितीचं काय? तीही वाणीच असते. इग्नेशियसचे सोबती फ्रान्सिस झेवियर यांनी पॅरिसमध्ये १५३४ साली इग्नेशियसच्याच हाताखाली ही साधना केली. भारतात यायला नेमले गेले होते बोबादिया नावाचे दुसरे सोबती. ते आजारी पडले, इग्नेशियसनी झेवियरना विचारलं, आणि ते लगेच तयार झाले. मार्च १५४० मध्ये त्यांनी रोम सोडलं, ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला पोहोचले. दुसऱ्याचं आजारपण आणि वरिष्ठांची विचारणा, एवढंच निमित्त होतं. इतक्या चटकन होकार देता आला, कारण मन आधीच मोकळं झालं होतं.

मोठा निर्णय असेल तेव्हा हे मोकळेपण आधी तपासावं लागतं. मनाने एक बाजू घट्ट धरली असेल तर ती सैल व्हावी म्हणून आधी प्रार्थना करायची. निर्णयाचा विषयही पारखून घ्यायचा : दोन्ही पर्याय चांगले असले पाहिजेत. लाच घ्यावी की नाही, हा ऐकण्याचा विषय नाही, आज्ञा आधीच मिळालेली आहे. लग्न झालेल्याने लग्नाचा निर्णय पुन्हा मांडायचा नसतो, तो मनापासून कसा निभवायचा हे विचारायचं असतं. पण दुसऱ्या शहरातली बढतीची नोकरी घ्यावी की आईवडिलांजवळ राहावं, हा खरा विषय आहे. कधी उत्तर इतकं स्वच्छ येतं की शंकाच उरत नाही. पण ते क्वचित. कधी बऱ्याच आठवड्यांच्या सांत्वन-विषादाच्या नोंदी एकीकडे झुकतात. आणि कधी मन शांत असतं, पण कौल मिळत नाही. मग कागदावर चार रकाने आखायचे : नोकरी घेतली तर फायदे, घेतली तर तोटे, नाही घेतली तर फायदे, नाही घेतली तर तोटे. चार रकाने उलटसुलट सारखेच भरतील असं वाटतं, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. नाकारण्याचे फायदे लिहिताना नवीनच काही पुढे येतं. कुठल्या बाजूला कारणं जास्त हे मोजायचं नाही, कुठलं कारण देवाच्या सेवेच्या दृष्टीने वजनदार आहे ते पाहायचं. तरीही अडलं तर इग्नेशियसचे तीन प्रश्न आहेत : अगदी अनोळखी माणसाने हेच विचारलं तर मी त्याला काय सुचवेन? मरणाच्या दारात असताना मी काय निवडलेलं असावं असं वाटेल? न्यायाच्या दिवशी?

निर्णय झाला की काम संपत नाही. तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि त्याने तो पक्का करावा असं मागायचं. स्वतः इग्नेशियसनी १५४४ साली येशूसंघाच्या चर्चना ठराविक उत्पन्न असावं का, या एका प्रश्नावर २ फेब्रुवारी ते १२ मार्च अशी रोज मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) आणि नोंदवही चालवली. आपल्याला एवढे दिवस मिळतीलच असं नाही, कंपनीची मुदत असते. मुदत दोन आठवड्यांची असेल तर निदान पहिल्या आठवड्याच्या शेवटी निर्णय करून ठेवावा, म्हणजे उरलेले दिवस त्याच्यासह जगून पाहायला मिळतात. त्या दिवसांत वहीत काय येतं ते वाचायचं. अडचणींची भीती वाटते, पण खाली मन स्थिर आहे आणि प्रार्थना चालू आहे, तर निर्णय पुढे न्यायचा. प्रार्थना टाळाविशी वाटते, निर्णयाबद्दल मार्गदर्शकाशी बोलणं नकोसं होतं, कारणं रोज नव्याने सजवावी लागतात, तर कंपनीकडे आणखी चार दिवस मागून घ्यायचे आणि रकान्यांचा तो कागद पुन्हा काढायचा.