खिद्रापूर, साडेबाराचं ऊन आणि तीन शिटं

मे महिन्याचा दुसरा आठवडा मुद्दाम धरला होता. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या जुन्या देवळाच्या, स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. तिथून ऊन सरळ खालच्या गोल दगडी शिलेवर, रंगशिलेवर, पडतं. मला तेवढंच बघायचं होतं.

अकराला आत्या आणि मी जवळच्या कुरुंदवाडात पोचलो. वडाप, म्हणजे शिटं भरली की सुटणारी गाडी, उभंच होतं. "बसा मावशी, तीन शिटं आली की हाललोच," ड्रायव्हर आत्याला म्हणाला. बसलो. पावणेबाराला टाकळीचे एक आजोबा आले, तर कंटाळून मागचा पोरगा उतरून गेला. म्हणजे परत तीनच! मग एक पेंडीचं पोतं आलं. ते शीट धरायचं की नाही, यावर दहा मिनिटं वाद. रेक्झिन असं तापलेलं की हात टेकवत नव्हता. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतोय आणि ड्रायव्हर निवांत पेपरच्या बोळ्यानं काच पुसतोय. साडेबारा तिथेच वाजले. "ऊन कुठं पळून चाललंय व्हय?" आजोबा म्हणाले. त्यांना काय सांगणार, तेच तर पळतंय!

पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. कवडसा रंगशिला सोडून पूर्वेकडच्या खांबांवर चढला होता. चिडूनच आत गेलो, पण तिरप्या उन्हात त्या काळ्या दगडातली एकेक कडा उठून दिसत होती. मंडपाचे ४८ खांब. आतल्या वर्तुळातल्या एकावर हात फिरवला, तर काचेसारखा गुळगुळीत.

मोजे न्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि मेमधली फरशी पाय भाजते. आत्या पदर पायाखाली घालायच्या बेतात होती. गाभाऱ्याकडे अंधार आहे, टॉर्च असू द्या. दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. नंदी मात्र नाही; तो नदीपलीकडे यडूरला आहे म्हणतात. आत्याला हे काही केल्या पटेना, तिनं मागची बाजूसुद्धा बघून घेतली. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा शिलालेख आहे, तो आम्ही घाईत जवळजवळ चुकवलाच होता.

आणि हो, वेळ गाठायची असेल तर रिकाम्या शिटांचे पैसे आपणच भरायचे, गाडी लगेच सुटते. हे मला परतीच्या वडापात बसल्यावर सुचलं. तेव्हा दोन शिटं कमी होती.