बेस कुठे गळाला? जुन्या ट्यूब अ‍ॅम्पच्या पातळ आवाजाची तपासणी

जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा) आवाज पातळ आणि टोचरा झाला की बहुतेक गिटारवादक आधी ट्रेबल कमी करतात, तेवढ्याने भागले नाही की नव्या ट्यूब मागवतात आणि तरीही फरक पडला नाही की अ‍ॅम्प म्हातारा झाला असे म्हणून मोकळे होतात. माझ्या पाहण्यातले असे बरेचसे अ‍ॅम्प बेस गळाल्यामुळे टोचत होते. त्यांचे वरचे स्वर पूर्वीइतकेच होते. त्यांना तोलून धरणारे खालचे स्वर निघून गेल्यामुळे ते उघडे पडले होते. म्हणून मी ट्रेबलच्या मागे लागण्याऐवजी बेस नेमका कोणत्या टप्प्यावर अडला, हे आधी शोधतो.

कोल्हापुरात अनेक वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेल्या एका काकांचा फेंडर ट्विन रिव्हर्ब गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. चंदेरी पॅनेलचा, १९७० च्या आसपासचा, चार ६एल६ पॉवर ट्यूब आणि बारा इंची दोन स्पीकर असलेला हा ८५ वॅटचा अ‍ॅम्प दोघांनी मिळूनच जिना चढवावा लागतो. “आवाज कानात घुसतोय बघ, पोटात काय उतरत न्हाई,” एवढीच काकांची तक्रार होती. ट्यूब त्यांनी आधीच सगळ्या बदलून पाहिल्या होत्या आणि आजच्या भावात तो खर्च लहान नाही.

अ‍ॅम्प उघडण्याआधी दुसरी गिटार आणि दुसरी केबल लावून पाहावी, हे वेगळे सांगायला नको. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आवाजाच्या पातळीची आहे. ट्विनच्या व्हॉल्यूम पॉटवर (बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरवर) वरचे स्वर उठवणाऱ्या ब्राइट स्विचमार्फत १२० पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असतो. पॉट खाली असताना वरचे स्वर या आडवाटेने पुढे निसटतात आणि बाकीचा सिग्नल पॉटमध्येच दबतो; पॉट जसा वर जाईल तसा हा फरक मिटत जातो. शिवाय आवाज हळू असला की माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडले आहे. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या धाकाने व्हॉल्यूम दोनवर ठेवून, वर ब्राइट स्विच चालू ठेवून ट्विन वाजवला, तर तो धडधाकट असूनही पातळच वाटणार. काकांनी मात्र स्विच बंद ठेवला होता आणि व्हॉल्यूम पाचवर नेल्यावरही आवाज भरत नव्हता, तेव्हा बिघाड खरा होता.

यानंतर मी बटणे फिरवून ऐकतो आणि या पायरीवर भरपूर वेळ देतो, कारण कोणते बटण दाद देते आणि कोणते देत नाही, यावरून मीटर हातात घेण्याआधीच निम्मा शोध लागतो. बेस आणि मिडल ही दोन्ही बटणे शून्यापासून दहापर्यंत फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर संशय टोन स्टॅकमधल्या (बेस, मिडल आणि ट्रेबल ठरवणाऱ्या भागातल्या) १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर घ्यावा. बेस आणि मिडलच्या कपॅसिटरपर्यंत सिग्नल त्याच्यातूनच जातो. तो तुटला किंवा त्याची डाक (सोल्डरिंग) सुटली, की २५० पिकोफॅरडच्या ट्रेबल कपॅसिटरमधून येणारा तेवढाच आवाज शिल्लक राहतो. चालू अ‍ॅम्पमध्ये या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना चेसिसच्या (अ‍ॅम्पच्या धातूच्या चौकटीच्या) संदर्भात जवळपास सारखाच डीसी व्होल्टेज मिळायला हवा. दूरच्या टोकाला तो मिळत नसेल, तर दोष तिथेच आहे. काकांच्या अ‍ॅम्पची बटणे दाद देत होती, पण बेस दहावर नेऊनही पोकळी भरत नव्हती. नॉर्मल आणि व्हायब्रॅटो या त्याच्या दोन्ही चॅनेलचा आवाज पातळ होता. म्हणजे मुख्य बिघाड दोन्ही चॅनेल एकत्र आल्यानंतरच्या भागात असणार, आणि त्या भागात तपासायला सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे स्पीकर.

स्पीकरचा प्लग अ‍ॅम्पमधून काढून त्याच्या टोकाला आणि बाहेरच्या नळीला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला. डाव्या स्पीकरचा कोन (कागदी पडदा) बाहेर आला, उजव्याचा आत गेला. मागच्या वर्षी एक स्पीकर फाटल्यावर तो साऊंड सिस्टिमचे स्पीकर दुरुस्त करणाऱ्या एकाकडून कोन बदलून आणला होता आणि परत बसवताना त्याच्या वायरी उलट लागल्या होत्या. गिटारच्या सहाव्या तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि हवेत त्याची तरंगलांबी चार मीटरच्या वर जाते. शेजारशेजारच्या दोन स्पीकरपैकी एक हवा ढकलत असेल आणि दुसरा त्याच वेळी ओढत असेल, तर एवढी लांब लहर जागच्या जागी विरते. ३ किलोहर्ट्झची लहर मात्र जेमतेम ११-१२ सेंटीमीटरची असल्यामुळे ती पूर्णपणे विरत नाही आणि कानाला तीच तेवढी लागते. केवळ लाल-काळ्या खुणांवर विसंबू नये, असे मी आवर्जून सांगेन; जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये, ट्विनमध्ये बसवला जाणारा डी१२०एफ त्यात आला, लाल टर्मिनलला धन टोक लावले की कोन आत जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन स्पीकर एकत्र असतील, तर सेल लावून पाहिल्याशिवाय खात्री मानू नये.

वायरी सुलट केल्यावर नॉर्मल चॅनेल एकदम भरला. व्हायब्रॅटो चॅनेल, जो काका नेहमी वापरतात, तो मात्र अजूनही जरा रोडका होता. आता चेसिस उघडणे भाग होते आणि इथे थोडे थांबून सांगितलेच पाहिजे की या अ‍ॅम्पमध्ये साडेचारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठा गुळगुळीत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये) टिकून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने तो उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच आत हात घालावा. अशा अमेरिकन अ‍ॅम्पसाठी आपल्याकडे वापरले जाणारे, २३० व्होल्टचे ११० करणारे ट्रान्सफॉर्मर बहुधा ऑटो प्रकारचे असतात, म्हणजे ते अ‍ॅम्पला घरच्या विजेपासून वेगळे करत नाहीत. त्यामुळे अर्थिंग नीट आहे का, हेही पाहून घ्यावे. ज्याला याची सवय नाही त्याने हे काम जाणकारावर सोडावे.

प्रत्येक चॅनेलच्या प्रीअ‍ॅम्पमधल्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातल्या) पहिल्या ट्यूबच्या कॅथोडवर, म्हणजे तिच्या एका टोकावर, दीड किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. हा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पन्नास वर्षांत आतून वाळतो. व्हायब्रॅटो चॅनेलमधल्या या कपॅसिटरच्या एका टोकाच्या रबरी बुचाशी पांढरट खरपुडी जमली होती आणि सोडवून मोजल्यावर त्याची क्षमता अर्ध्या मायक्रोफॅरडच्या आसपास भरली. अशा वेळी साधारण दोनशे हर्ट्झच्या वरच्या स्वरांना पूर्ण गेन (वाढ) मिळत जातो, पण खाली तो घसरत जवळजवळ निम्म्यावर येतो. गंमत म्हणजे मार्शलने आपल्या लीड अ‍ॅम्पमध्ये ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मुद्दाम वापरला, कारण तिथे तो धारदारपणा हवाच होता. ट्विनचा आवाज मुळातच स्वच्छ आणि चकचकीत असल्याने त्याला तो झेपत नाही. २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा नवा कपॅसिटर धन टोक कॅथोडकडे ठेवून बसवला आणि दोन्ही चॅनेल सारखे बोलू लागले.

असे काही सापडले नसते, तर मी पॉवर ट्यूबचा बायस (ट्यूबमधून किती प्रवाह जावा हे ठरवणारे व्होल्टेज) पाहिला असता, कारण तो फार थंड, म्हणजे प्रवाह फार कमी असला की हळू वाजवताना आवाज खरखरीत आणि सुकलेला येतो. या काळातल्या अनेक ट्विनमध्ये बायस वरखाली करण्याऐवजी दोन बाजूंचा फक्त समतोल साधण्याची सोय असते, हे लक्षात ठेवावे लागते. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून येणारा ८२० ओहमचा फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवणारा) पाहिला असता, कारण ती वाट तुटली तर आवाज मोठा, रांगडा आणि वरच्या अंगाने भडक होतो.

बाकीचे कॅथोड कपॅसिटर त्याच वयाचे असल्यामुळे तेही बदलले. एका टप्प्याला पुढच्याशी जोडणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून डीसी गळत नव्हता, म्हणून ते मूळचेच राहू दिले. जुन्या अ‍ॅम्पमधला प्रत्येक भाग सरसकट काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. फिल्टर कपॅसिटर बदलायचे राहिले आहेत. ते मागवले आहेत आणि ते येईपर्यंत काकांनी अ‍ॅम्प घरीच वाजवायचा, कार्यक्रमाला न्यायचा नाही, असे ठरले आहे.