न्यूकॅसलमध्ये मी बिअरचे पेपर तपासते

आईला अजून सांगितलेलं नाहीये, त्यामुळे घरच्या ग्रुपवर कोणी हे फॉरवर्ड करू नका प्लीज. मागच्या रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे साताऱ्यात सगळे दुपारचे आडवे झालेले असतात तेव्हा, मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या एका पबच्या वरच्या खोलीत बसून नऊ वेगवेगळ्या ब्राऊन एल, म्हणजे तपकिरी रंगाच्या बिअर, चाखल्या आणि प्रत्येकीला पन्नासपैकी मार्क दिले. प्यायले नाही, चाखल्या. फरक आहे. एकेका बिअरचे जेमतेम चार-पाच घोट वाट्याला येतात आणि त्या चार घोटांवर पानभर लिहायचं असतं, दहावीच्या रसग्रहणासारखं.

हे सगळं शेजारच्या काकांमुळे. टाइन नदीकाठच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते, आता रिटायर होऊन गॅरेजमध्ये बिअर बनवतात. मी कुंपणावरून थालीपीठ द्यायचे, ते बाटली द्यायचे, असं वर्ष-दीड वर्ष चाललं आणि मी प्रत्येक बाटलीबद्दल काहीतरी कुरकुर करायचे. ह्यावेळी त्यांच्या घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत एक परीक्षक कमी पडला तर म्हणाले, "पेट, तुला तसंही नावं ठेवायची सवय आहे, ये आणि कागदावर ठेव." इथे बायकांना प्रेमाने पेट म्हणतात, मला पहिले सहा महिने रागच यायचा.

आता न्यूकॅसलमध्ये ब्राऊन एल म्हणजे काय ते सांगायलाच पाहिजे. न्यूकॅसल ब्राऊन एल १९२७ साली कर्नल जिम पोर्टर नावाच्या माणसाने तीन वर्षं खटपट करून काढली. (पोर्टर हा बिअरचा वेगळाच प्रकार आहे, म्हणजे पोर्टरने ब्राऊन काढली, असो.) इथले लोक तिला ब्रून म्हणतात नाहीतर सरळ 'डॉग', कारण घरातून सटकताना "जरा एका माणसाला कुत्र्याबद्दल भेटून येतो" असं सांगायचं आणि पबमध्ये जायचं. म्हणजे आपल्याकडचं "जरा पान खाऊन येतो". जुनी माणसं बाटली घेतात आणि छोट्या ग्लासात थोडी थोडी ओतून पितात, मोठा ग्लास एकदम भरत नाहीत. गावच्या फुटबॉल टीमच्या शर्टावर सुद्धा नव्वदच्या दशकात ह्याच बाटलीचं लेबल छापलेलं होतं.

आणि ह्याच्यापुढची गोष्ट मला फार आवडते. आपल्या हापूसला जसा जीआय टॅग आहे तसाच युरोपातला टॅग २००० साली ह्या बिअरला मिळाला, की ही न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे. मग कंपनीने शहरातली ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बंद करून कारभार नदीपलीकडे डन्स्टनला न्यायचं ठरवलं. डन्स्टन म्हणजे गेट्सहेड, म्हणजे न्यूकॅसल नाही! नदी ओलांडली की टॅग मोडतो. शेवटी ज्यांनी टॅग मागितला त्यांनीच तो रद्द करा असा अर्ज केला आणि २००७ मध्ये तो गेला, आणि २०१० मध्ये तर उत्पादन आणखी खाली यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला गेलं. काका हे सांगताना अजून आवाज चढवतात, जसं काही बाटली त्यांच्या गॅरेजमधून चोरीला गेली.

तर मुद्दा ब्राऊन रंगाचा. हा रंग भाजण्यातून येतो, बाकी जादू काही नाही. माल्ट म्हणजे बार्लीला मोड आणून वाळवून भाजलेलं धान्य, आपण नाचणीचं सत्व करतो ना, मोड आणा, वाळवा, भाजा, दळा, तेच. साधं फिकं माल्ट हा बिअरचा पाया, त्यात थोडं क्रिस्टल माल्ट घातलं की काकवी, खजूर, जळवलेल्या साखरेची चव येते आणि चिमूटभर चॉकलेट माल्ट घातलं (त्यात चॉकलेट नसतं, रंगामुळे नाव पडलं) की गडद रंग आणि कॉफीची झाक. चिमूटभर! मूठभर नाही. हे चिमूट-मूठ प्रकरण पुढे येणार आहे.

मार्कांची पद्धत बीजेसीपी नावाच्या, १९८५ साली सुरू झालेल्या अमेरिकन संस्थेची. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण छाप १०. दिसण्याला फक्त तीन बघून मला बरं वाटलं, सगळ्याच परीक्षकांनी शिकण्यासारखं आहे. आधी वास घ्यायचा कारण तो लगेच उडून जातो, मग बाकीचं. बिअर फार गार असेल तर ग्लास तळहातात धरून कोमट करायचा, कारण गारठ्यात दोष लपतात, आपल्याकडे बिअर एवढी बर्फासारखी का देतात ते मला त्या दिवशी कळलं. सेंट लावायचा नाही, लिपस्टिक नाही, मध्येमध्ये साधा ब्रेड आणि पाणी. मी सेंट लावला नव्हता पण सकाळी पोह्यांना फोडणी दिली होती आणि कोट तिथेच खुंटीला होता. काकांनी एकदा हुंगलं आणि कोट गुपचूप जिन्यात नेऊन टांगला.

पहिल्या दोन बिअर नीट होत्या, लक्षात राहतील अशा नाहीत. तिसरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास, म्हणजे पावसाळ्यात माळ्यावरून जुन्या वह्या काढल्यावर येतो तोच, हवा लागून शिळी झालेली. चौथी पारदर्शक बाटलीत होती आणि बहुतेक खिडकीत ठेवलेली असणार, उजेडाने हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) द्रव्यं बिघडतात आणि घाण वास मारतो. इंग्रजी तक्त्यात त्याला स्कंकसारखा वास म्हणतात, आता स्कंक हा प्राणी ना साताऱ्यात ना न्यूकॅसलमध्ये, मी आणि माझ्यासोबत मार्क देणारे काका, दोघांनीही तो कधी हुंगलेला नाही तरी दोघांनी इमानदारीत स्कंक लिहिलं.

सहावी आली आणि आमचं बिनसलं. नियम असा की दोघांनी न बोलता मार्क द्यायचे आणि मग फार तफावत असेल तर चर्चा करून जवळ आणायचे. काकांनी दिले ३५, मी २३. त्यांच्या मते मस्त दमदार. मला पहिल्या घोटालाच मागच्या दाढेशी करपट लागली, ती एकदा लागली की दुसरं काही लागतच नाही. मग मी त्यांना चकलीची भाजणी समजावून सांगितली, खरंच, रविवारी सकाळी, की तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडदाची वेगळी, मंद आचेवर एकेक भाजायचं आणि त्यातली एक जरी डाळ करपली तर बाकी सगळं कितीही छान असू दे, अख्खा डबा कडवट होतो आणि ते तळल्यावरच कळतं. ब्राऊन एल खमंग पाहिजे, कडेला जरा खरपूस चालेल, पण करपली की ती ब्राऊन राहिली नाही, बिघडलेली पोर्टर झाली. इंग्रजीत ह्या सगळ्याला ते 'रोस्टी' म्हणून मोकळे होतात! आपल्याकडे तीन पायऱ्यांना तीन शब्द आहेत. काकांनी परत घोट घेतला, बराच वेळ गप्प बसले आणि २९ केले. मी २६ वर आले कारण कोमट झाल्यावर खाली खजुरासारखं काहीतरी चांगलं होतं, मी घाई केली होती. शेऱ्यात लिहिलं, चॉकलेट माल्ट निम्मं करा.

तर मी एकदम हवेत. आणि आठवीने जमिनीवर आणलं.

आठवीचा वास घेतला आणि मला सरळ घर आठवलं. लोणी कढवताना तूप व्हायच्या जरा आधी जो वास पसरतो तो. त्यामागे भाजलेले दाणे, थोडी काकवी. मी डोळे मिटून ३९ दिले. काकांनी २५. मला वाटलं चुकून आकडे उलटे लिहिले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी मघाशी त्यांच्याकडे बघत होते. "पेट, हा लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल. दोष आहे." यीस्ट बिअर आंबवताना हे बनवतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत खाऊनही टाकतं, ह्या माणसाने घाईने थंड करून बाटल्या भरल्या, अजून दोन दिवस ठेवायला हवी होती. विरजणाच्या लोण्याला वास येतो तोही ह्याच द्रव्याचा. अगदी किंचित असेल तर ब्रिटिश एलमध्ये चालवून घेतात, पण ही तर तुपात बुडवलेली होती. म्हणजे ज्या जिभेच्या जोरावर मी सहाव्या बिअरला धरलं त्याच जिभेने इथे घोळ घातला, कारण तुपाच्या वासाला दोष म्हणायचं हे माझ्या नाकाला कोणी शिकवलेलंच नव्हतं आणि खरं सांगू तर अजूनही पटलेलं नाही. मी मुकाट ३१ वर आले, काका २७ वर, हुज्जत घालायला अंगात जीव नव्हता.

नंबर एक आली नववी, त्यात कोणाचंच दुमत नव्हतं, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखंही फार नाही. टोस्ट, दाणे, शेवटी हलका कडवटपणा, संपलं.

खाली आल्यावर आठवीवाला पोरगा भेटला, विशीतला, कागद हातात घेऊन उभा, चेहरा पडलेला. काकांनी त्याला दोन दिवसांचं गणित समजावलं, मी मान डोलावली जसं काही मला आधीपासून माहीत होतं. त्याच्याकडे दोन बाटल्या उरल्या होत्या, म्हणाला फेकणारच आहे. मी म्हणलं फेकू नको रे, दे इकडे.

परवा रात्री मुगाची खिचडी केली आणि त्यातली एक उघडली. ताट संपल्यावर लक्षात आलं की खिचडीवर तूप घालायचं राहूनच गेलं होतं.