पोहता येत नाही, तरी कनू शिकता येईल का?

इथे कॅनडात, ओंटारियोत उन्हाळा लागला, की मराठी मंडळातल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "तुम्ही कनू, ती वल्ह्याची लांबट होडी, घेऊन फिरता म्हणे. आम्हाला पोहता येत नाही, शिकलो तर चालेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: चालेल. मला काळजी वाटते ती "आम्ही लहानपणी विहिरीत सूर मारायचो" म्हणणाऱ्यांची.

अल्गोन्क्विन पार्क या इथल्या मोठ्या राखीव जंगलातल्या तळ्यांवरचा बर्फ साधारण एप्रिलअखेरीस, कधी मे उजाडल्यावर वितळतो. मग छान ऊन पडतं, लोक टी-शर्टात काठावर येतात आणि पाणी मात्र बोटं बुडवली तरी कळ येईल असं असतं. त्यात पडलं, की आधी छातीत धस्स होऊन आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर संपलंच. मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी स्वतः गोठत्या पाण्यात उतरून याचा अभ्यास केलाय. त्यांचं 1-10-1 इथे सगळ्यांना शिकवतात: 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची जेमतेम 10 मिनिटं हातपाय चालतात, शुद्ध हरपायला मात्र 1 तास लागतो. म्हणजे गारठून मरायच्या कितीतरी आधी हात निकामी होतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. तो तासभर तुम्हाला वर धरून ठेवतं ते लाइफ जॅकेट. कायद्याने माणशी एक, मापाचं, होडीत असावंच लागतं. शिवाय 15 मीटर तरंगती दोरी, शिट्टी आणि पाणी उपसायचं भांडं. मी म्हणते, अंगात घाला, बकलं लावा. खांद्याला धरून वर ओढलं आणि जॅकेट कानांपर्यंत आलं, तर ते ढिलं आहे.

कनू उलटते बहुतेक वेळा काठालाच, चढता-उतरताना. उभं राहून पाय टाकायचा नाही. वाकायचं, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरायच्या, पाऊल बरोबर मधोमध. एकदा बसलात की कडा सोडा, हातात वल्हं घ्या. होडी हलली की नवखा माणूस घाबरून कड पकडतो, त्या बाजूला झुकतो आणि तिथेच घात होतो. डोकं कडेच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. डळमळायला लागलं तर सरळ गुडघ्यांवर बसा, वजन खाली गेलं की होडी शांत होते.

वल्हवणं त्यामानाने सोपं, फक्त नवरा-बायको एका होडीत असले की आवाज चढतात. पुढच्याने लय धरायची, दिशा मागच्याकडे. मागचा उजवीकडून वल्हवत असेल तर होडीचं नाक डावीकडे वळत राहतं. म्हणून फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली, पाण्याकडे वळवायचा आणि पातं होडीपासून जरासं बाहेर ढकलायचं. पाण्यात इंग्रजी जे उमटतो, म्हणून जे-स्ट्रोक. हे न जमणारा मागे बसून पुढच्यावर खेकसतो, असं माझं निरीक्षण आहे.

वारा दुपारी उठतो, तेव्हा सकाळीच निघा आणि काठाकाठाने जा. उलटलात तर होडी सोडू नका. पाण्याने भरली तरी ती तरंगते आणि तुमच्या डोक्यापेक्षा लांबून दिसते. दुसरी कनू जवळ असेल तर तिच्यावर तुमची पालथी आडवी ओढून घेतात, पाणी निथळलं की सुलटी करून परत पाण्यात सोडतात. हे जुलैत, कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटून शिकायचं. पोहता न येणाऱ्यांचा हा पहिलाच धडा. पॅडल कॅनडा या वल्हवणं शिकवणाऱ्या संस्थेचे प्रशिक्षकही शिकवतात, फी द्यावी लागते.

तेव्हा जुलैत या. जॅकेटात उकडतं म्हणणाऱ्या काकांना मी काठावर चहाच्या शेगडीपाशी बसवते.