आधी माइक मोजा

‘लॅपटॉपवर घरीच रेकॉर्डिंग करायचंय, ऑडिओ इंटरफेस कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की उत्तर एकदाचं लिहूनच काढतो. विचारणाऱ्यांत गाणं शिकणारे असतात, कीर्तनकार असतात, नातवंडांसाठी गोष्टी वाचून ठेवणाऱ्या आजी असतात, रॅप करणारी कॉलेजची पोरं असतात. प्रत्येकाला एका मॉडेलचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, एका वेळी किती माइक चालू असणार? यावर बहुतेक जण गप्प होतात. खरेदीचा निम्म्याहून जास्त निर्णय मात्र तिथेच होतो.

इंटरफेसचं काम थोडक्यात असं. माइकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. इंटरफेसमधला प्रीअँप तो वाढवतो, पुढचं सर्किट त्याचे आकडे करून यूएसबीवाटे लॅपटॉपला देतं आणि परतीचा आवाज हेडफोनला पोचवतं. यातलं आकडे करण्याचं काम आज स्वस्तातले इंटरफेससुद्धा इतकं चांगलं करतात की दोन नावाजलेल्या कंपन्यांच्या साध्या मॉडेलमधला फरक डोळे झाकून ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून ‘साउंड कोणाचा चांगला’ या वादात मी पडत नाही.

तर पहिली गोष्ट माइकची. एकट्याचा आवाज, पुस्तकवाचन, पॉडकास्ट, गिटार वाजवत गाणं, यांना एक किंवा दोन माइक इनपुट पुरतात. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो किंवा टूआयटू, ऑडिएंटचा आयडी४, मोटूचा एम२, यांपैकी जो तुमच्या शहरात वेळेवर मिळतो आणि ज्याची वॉरंटी इथे चालते तो घ्या. पुढच्या तीन गोष्टी पाहून घ्या, म्हणजे झालं.

अडचण येते ती आपल्याकडच्या संगीताची. गायक, हार्मोनियम आणि तबला एकत्र बसवायचे तर गायकाला एक, पेटीला एक, दायाँ-बायाँला एकेक, म्हणजे चार माइक. मग मंडळी ‘चार इनपुटवाला’ इंटरफेस शोधायला लागतात आणि नावातल्या आकड्याला फसतात. मोटूचा एम४ किंवा स्कार्लेटचा फोरआयफोर यांना चार इनपुट आहेत हे खरं, पण माइकचे प्रीअँप दोनच. उरलेले दोन लाइन इनपुट, म्हणजे कीबोर्ड किंवा दुसऱ्या यंत्राचा आधीच वाढवलेला आवाज घेण्यासाठी. तिथे माइक लावून काही उपयोग नाही. थेट चार माइक हवे असतील तर बेरिंजरचा यूएमसी४०४एचडी किंवा ऑडिएंटचा आयडी४४ यांसारखं काहीतरी पाहावं लागतं. आठ प्रीअँप लागणार असतील तर स्कार्लेटच्या एटीनआयट्वेंटीसारखे मोठे डबे आहेत. मॉडेलच्या नावातला आकडा वाचू नका. पाठीमागच्या आणि पुढच्या पॅनेलचा फोटो उघडा आणि तीन पिनांची माइकची केबल बसेल अशी भोकं मोजा.

‘मग एकेक करून ट्रॅक का घेऊ नये?’ असंही विचारलं जातं. सुगम गाणं, जिंगल, क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर बांधलेलं काहीही असेल तर अवश्य घ्या, दोन इनपुटांत सगळं होतं. पण विलंबित ख्याल किंवा रंगात आलेला अभंग असा तुकड्यातुकड्यांनी बांधता येत नाही. तबलजी गायकाच्या श्वासाकडे बघून ठेका देतो, पेटीवाला अर्धी जागा आधीच ओळखतो. आधी तबला आणि चार दिवसांनी गाणं असं केलं की लय अचूक येते आणि गाणं कोरडं राहतं. त्यापेक्षा दोन इनपुटांचाच इंटरफेस ठेवा, दोन कंडेन्सर माइक (विजेवर चालणारे, बारीक आवाजही टिपणारे) समोर लावा, आणि तबला मागे, पेटी बाजूला अशी माणसं हलवून समतोल साधा. नंतर तबला एकट्याने कमी-जास्त करता येणार नाही, हे आधी मान्य करायचं. बैठकीची ध्वनिमुद्रणं अशी उत्तम होतात. फक्त बसण्याची जागा ठरवायला वेळ लागतो, आणि तबलजीला ‘जरा मागे सरका’ म्हणायची हिंमत लागते.

दुसरी गोष्ट गेनची, म्हणजे प्रीअँप सिग्नल किती वाढवू शकतो त्याची. हळू आवाजात वाचणारी व्यक्ती आणि डायनॅमिक माइक (विजेशिवाय चालणारा, क्षीण सिग्नल देणारा) एकत्र आले की प्रीअँपची खरी परीक्षा होते. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शूअर एसएम७बी घ्या. किमान ६० डेसिबल गेन हवा, असं कंपनी स्वतःच सांगते. स्कार्लेट टूआयटूच्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ डेसिबलपर्यंतच होता. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत तो ६९ झाला, पण त्याच पिढीच्या सोलोत ५७च आहे. म्हणजे खोक्यांवर नाव एकच आणि आत वेगळा मामला. गेन अपुरा पडला की बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि मागे हिस्स ऐकू येतो. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ही चिंता जवळजवळ नाही, कारण तो स्वतःच दणदणीत सिग्नल देतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून जाणारी वीज लागते, ती वर सांगितलेल्या सगळ्या इंटरफेसमध्ये आहे. या ४८ची गंमत अशी की १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने आपला नवा माइक नॉर्वेच्या रेडिओला दिला, तेव्हा हिवाळ्यातल्या अंधारासाठी त्यांच्या स्टुडिओंत दिव्यांची ४८ व्होल्टची वेगळी व्यवस्था आधीच होती. माइक त्याच विजेवर चालवला, आणि तोच आकडा जगभर रूढ झाला.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे इंटरफेसची आणि लॅपटॉपची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरची. मॅकवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तिथे बहुतेक इंटरफेस लावताच चालतात. विंडोजवर मात्र कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, आणि तो तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या डाउनलोड पानावर बघा. एएसआयओ ही श्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली पद्धत. तिच्यामुळे आवाज विंडोजच्या नेहमीच्या लांब रस्त्याने न जाता सरळ सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो. अगदी स्वस्त डब्यांना असा ड्रायव्हर कधीकधी नसतोच, आणि विक्रेता एएसआयओफॉरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकायला सांगतो. तो निभावून नेतो, पण लॅपटॉप बदलला, अपडेट आला की पुन्हा खटपट. जुने फायरवायरचे इंटरफेस सेकंडहँड फार स्वस्तात दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही.

लेटन्सी, म्हणजे गायलेलं आपल्याच कानात उशिरा परत येणं, हीसुद्धा याच घराण्यातली. बफर (लॅपटॉप एका वेळी उचलतो तेवढे आवाजाचे नमुने) १२८ सँपल आणि सँपलिंगचा दर ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, असेल तर एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज एक मीटरही जात नाही. पण जायचं-यायचं मिळून आणि कन्व्हर्टरचा, म्हणजे आकडे करणाऱ्या सर्किटचा वेळ धरून तो बराच वाढतो. कीबोर्डवाल्याला दहा मिलिसेकंदांचं फारसं काही वाटत नाही, गायकाला वाटतं. स्वतःचा आवाज त्याला कवटीतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून जरा उशिरा. दोन्ही मिसळले की काही कंप्रता एकमेकींना खातात, आवाज पोकळ लागतो आणि सूर डळमळतो. उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. इंटरफेस माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ हेडफोनला देतो. तो मोनो आणि स्टिरिओ दोन्ही करता येतो का ते बघा, नाहीतर एकाच माइकचा आवाज फक्त डाव्या कानात येत राहतो. हा आवाज कोरडा असतो, आणि आपल्या गायकांना थोडी घुमक लागतेच. मग सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू करून त्यावर रिव्हर्ब लावा, पण तो पूर्ण ‘वेट’ ठेवा, म्हणजे मूळ आवाज तिथून येणार नाही, फक्त घुमक येईल. घुमक थोडी उशिरा आली तर काही बिघडत नाही, ती तशीही उशिराच येते.

चौथी गोष्ट, लूपबॅक, म्हणजे लॅपटॉपवर वाजणारा आवाज इनपुट म्हणून परत लॅपटॉपला देण्याची सोय. न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या ताई-मावश्या मला हेच विचारतात. लॅपटॉपवर वाजणारा तानपुरा आणि स्वतःचा आवाज दोन्ही शिष्यापर्यंत जावेत, तर लूपबॅक असलेला इंटरफेस सोयीचा. एम२ मध्ये तो आहे. सोबत झूममध्ये संगीतकारांसाठीचा ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर झूम तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं, आणि इंटरफेसला उगाच शिव्या बसतात.

बाकीचे आकडे पटकन उरकतो. १९२ किलोहर्ट्झच्या सँपलिंग दरासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, आणि दराच्या निम्म्यापर्यंतचा आवाज टिपता येतो, म्हणून तो ४४.१ आणि ४८ दोन्हींत आरामात मावतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग साधारण एक जीबीचं होतं, १९२ वर चार जीबींच्या पुढे जातं. २४ बिट मात्र ठेवाच, कारण त्यामुळे गेन मुद्दाम कमी ठेवून निर्धास्त गाता येतं. यूएसबी-सी हा फक्त पिनेचा आकार. दोन ट्रॅकना सेकंदाला अडीच मेगाबिटही लागत नाहीत, आणि साधं यूएसबी २.० सिद्धांताने ४८० देतं.

आता ज्याला खर्च कमी आणि फरक जास्त, त्याबद्दल. आपल्या घरांत आवाज खराब होतो तो खोलीमुळे आणि विजेमुळे. प्रीअँपच्या नॉइजचे एक-दोन डेसिबलचे फरक लोक तक्त्यात तुलना करत बसतात, आणि मागे फ्रिज चालू असतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात, खाली कोणीतरी स्कूटर रेस करतं. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, गायकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, एवढं केलं तर दुप्पट किमतीच्या इंटरफेसपेक्षा जास्त सुधारणा होते. घूंऽऽ असा सलग हम येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. थांबला तर दोष इंटरफेसचा नाही, चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत तीन पिनांचा प्लग असतो, तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. तसं असेल तर इलेक्ट्रिशियन आधी बोलवा, खरेदी नंतर.

म्हणून माझा हिशेब असा : एकूण पैशांचा मोठा वाटा माइक आणि बंद कानांच्या हेडफोनवर, इंटरफेसवर गरजेपुरताच. उघडे हेडफोन घेऊ नका, तानपुरा त्यातून गळून माइकमध्ये शिरतो आणि मग निघत नाही.

डबा हातात आला की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एवढं करा. दोन्ही चॅनेल एकाच माइकने तपासा. फँटम चालू-बंद करून बघा, पण तेव्हा हेडफोन कानावरून काढलेले असू द्या. गेन पाऊण भागावर ठेवा आणि काही न बोलता मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका. मग चार्जर लावून आणि काढून तेच करा. शेवटी तासभराचा अखंड टेक घ्या, गायलं नाही तरी चालेल, आणि मध्ये कुठे टिक-टिक किंवा तुटकपणा येतो का ते शोधा. आला तर आधी बफर २५६ करा, वायफाय बंद करा, हब असेल तर तो काढून केबल सरळ लॅपटॉपला लावा. तरी येत राहिला तर डबा परत. बिल आणि खोका तोपर्यंत फेकू नका.