रुग्णवाहिकेतील सोनोग्राफी
अपघातात पोटाला मार लागलेला रुग्ण वरवर शांत दिसत असला, तरी आत रक्तस्राव सुरू असू शकतो आणि केवळ नाडी व रक्तदाब पाहून तो ओळखणे कठीण असते. प्रशिक्षित पॅरामेडिक हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राने यकृत व उजव्या मूत्रपिंडामधली फट, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोट आणि हृदयाचे आवरण तपासतो. साठलेले ताजे रक्त पडद्यावर काळे दिसते. ही तपासणी धावत्या गाडीतच व्हावी, तिच्यासाठी रस्त्यावर खोळंबणे मला मुळीच मान्य नाही. सुरुवातीचा थोडा रक्तस्राव तिच्यात निसटू शकतो, हेही विसरता येत नाही. खरा लाभ आगाऊ निरोपाचा: शस्त्रक्रियागृह आणि रक्त तयार ठेवता येते. आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे अशा यंत्रांवर कडक निर्बंध आहेत, आणि ते आवश्यकच आहेत.