भाट्याचा शिंपला ओळखताना

मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला गेलो तेव्हा भाट्याच्या किनाऱ्यावरून मूठभर शिंपले आणले. सोलापुरात आल्यावर ते शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत पडून राहिले. त्यातला एक मात्र दोन्ही झडपांसकट, म्हणजे कवचाच्या दोन्ही अर्ध्या भागांसकट, शाबूत होता. लांबी ३८ मिलिमीटर, गुळगुळीत, पिवळसर, वर जांभळट नागमोडी खुणा. फोटोंशी ताडून मी त्याला ‘मेरेट्रिक्स’ या प्रकारचा शिंपला ठरवलं आणि बरणीवर तशी चिठ्ठीही चिकटवली.

घाई झाली. एकाच जातीच्या दोन शिंपल्यांवरची नक्षी सारखी नसते, शिवाय उन्हात आणि लाटांत रंग उडतो. खरी ओळख आत असते.

मग झडपा कोमट पाण्यात भिजवल्या, जुन्या टूथब्रशने आतली वाळू काढली आणि खिडकीशी तिरप्या उजेडात धरल्या. आतला भाग चिनीमातीसारखा पांढरा. कडेला समांतर एक फिकट रेघ गेलेली आणि एका टोकाला ती आत वळून खोल खाच झालेली. ही पॅलियल लाइन, म्हणजे जिवाचं मऊ आवरण कवचाला चिकटतं तिथली रेघ, आणि ती खाच म्हणजे सायनस. वाळूत पुरलेला जीव ज्या नळ्या वर काढून पाणी ओढतो, त्या आत घेणारे स्नायू इथे चिकटलेले असतात. चंद्रभागेच्या वाळवंटातला एक शिंपला माझ्याकडे होता, तोही शेजारी ठेवला. तो आतून मोत्यासारखा चमकतो आणि त्याची रेघ सलग, खाच नाहीच. दोन्ही एकत्र पाहिल्यावर सायनस म्हणजे काय ते मला नीट कळलं.

मेरेट्रिक्सची खाच उथळ असते. माझी खोल होती. शंका इथेच आली.

आता बिजागरीचे, म्हणजे दोन झडपा जुळतात तिथले, दात. मेरेट्रिक्सच्या डाव्या झडपेत मधल्या तीन दातांखेरीज पुढच्या अंगाला आणखी एक, बाजूचा दात असतो, म्हणून आधी डावी झडप ओळखायला हवी. बिजागरीजवळचं टोक वर, आतली बाजू आपल्याकडे धरायची. खाच नेहमी मागच्या अंगाला असते, तेव्हा ती डावीकडे दिसली तर झडप डावी. दात फार बारीक, म्हणून गल्लीतल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून झडप कितीतरी वेळ फिरवली.

“बाई, तीनच दात हायेत की. चौथा कुठं दिसंना.”

“चाचा, तुटलेला असंल का? पुढच्या अंगाला बघा की.”

“तुटल्याची खूण नाही. सपाट हाय.”

बाजूचा दात नाही, खाच खोल, टोकाच्या पुढे पसरट, बदामाच्या आकाराचा ठसा, वर कंगोरे नाहीत. कंगोरे असते तर पाफिया या दुसऱ्या प्रकारच्या शिंपल्याचा विचार केला असता. हा मार्सिया ओपिमा या जातीचा निघाला. जुन्या पुस्तकांत हाच कॅटेलिसिया ओपिमा या नावाने सापडतो, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं बघावी लागली.

जुनी चिठ्ठी खरवडून काढली. नवीवर नावाखाली लिहिलं: भाट्ये, डावी झडप, बाजूचा दात नाही. चाचांनी बरणीतले बाकीचेही घेऊन यायला सांगितलंय.